पंच्याऐंशी

हमरियाच्या मागचे उघडे डोंगर
दिवसभर खाल्लेलं ऊन
रात्रभर ओकत बसतात.
जूनमध्ये गच्चीवरच्या टाकीतलं पाणी
थेट चहापत्ती टाकावी असं.
आम्ही गीझर बंद करतो आणि त्यातच पाणी निवायला ठेवतो,
मस्कतच्या उन्हाळ्यात गीझर म्हणजे माठ,
पण गीझर एक आणि माणसं अकरा.

म्हणून होंडा रोडवरून आणला
बोटभर स्टीलचा सेन्सर, तीन तारांचा,
आणि काडेपेटीएवढा एक बोर्ड.
दोन रियाल आठशे बैसा.
दुकानदार म्हणाला, खेळायला?
मी म्हटलं, आंघोळीला.

बिर्याणीच्या डब्याच्या झाकणावर
सोल्डरचा पहिला थेंब पडला, धूर निघाला.
सावंतवाडीचा बाबली वरच्या बंकवरून वाकला:
"दशावतारात राळ उडयतत ना, तसो वास येता रे."
राळच असते त्यात, म्हटलं.
तो बराच वेळ नाक पुढे करून बसला.

वायर गच्चीवर चढवली. जिन्यात स्क्रीन टांगली.
आकडा उमटला:
उणे एकशे सत्तावीस.
शिवन टॉवेल पांघरून कुडकुडायला लागला,
गुलजार म्हणाला, उस्ताद, रजाई लाऊं?
मी रात्रभर कोडच्या ओळी खालीवर केल्या.
चूक कोडमध्ये नव्हतीच.
एक रेझिस्टर लावायचा राहिला होता,
तांदळाच्या दाण्याएवढा:
हळद, जांभूळ, कुंकू, आणि सोनेरी काठ.
तो नसला की तार बोलतच नाही
आणि न बोलण्याला यंत्र
उणे एकशे सत्तावीस म्हणतं.

लावला.
एकावन्न.
या वेळी कोणी हसलं नाही.

मग प्रश्न आला, हिरवा दिवा कितीला लावायचा.
कोडला एकच आकडा लागतो,
'अंगाला सोसेल इतपत' असं त्यात लिहिता येत नाही.
बाबली म्हणे छत्तीस, शिवन चाळीस.
गुलजार वेल्डर, कोपरापर्यंत ठिणग्यांच्या खुणा,
म्हणाला, काहीही लिही, मला कळत नाही.
कोणाची कातडी प्रमाण धरायची?
बादलीत हळूहळू गरम ओतत गेलो,
एकेकाचा हात आत,
पावतीच्या मागे आकडे मांडले.
सरासरी काढणार होतो. नाही काढली.
सगळ्यात आधी हात ओढला नूरुद्दीनने,
सगळ्यात धाकटा, चितगावचा, येऊन दोन महिने.
त्याचा आकडा घेतला.
अडतीस.

दिवा लागतो पहाटे पावणेतीनला,
कधी तीन वाजून दहाला.
जिन्यात चपला वाजतात, कोणी बोलत नाही.
हिरव्या उजेडात
अकरा जणांचे साबण ओळखू येतात.

गेल्या आठवड्यात वीज गेली, आली.
स्क्रीन जागी झाली आणि म्हणाली,
पंच्याऐंशी.
नूरुद्दीनच्या हातातला मग पडला.
थांब, म्हटलं, हे मोजलेलं नाही.
कारखान्यातून येतानाच
त्याच्या तोंडात ठेवलेला आकडा आहे हा.
मोजायला त्याला पाऊण सेकंद लागतो,
त्याच्या आत विचारलंस तर हेच सांगणार.
उपाय सोपा आहे,
पहिलं रीडिंग टाकून द्यायचं.
एक ओळ वाढवली. झालं.

शुक्रवारी देवरुखला फोन लावला.
शालन म्हणाली, कसे आहात?
मजेत, म्हटलं मी,
तिचं वाक्य संपायच्याही आधी.
ती गप्प राहिली.
तिकडे कुकरची एक शिट्टी झाली.
मग म्हणाली,
हं.
आता सांगा.